भीतीचे चार वाटे

माझा धंदाच भीतीचा आहे. म्हणजे मी भुतं उतरवत नाही; इमारतींची अग्निसुरक्षा तपासतो. मंगल कार्यालयं, दवाखाने, कोचिंग क्लास, जिथं म्हणून माणसं दाटीवाटीनं बसतात तिथं जायचं आणि विचार करायचा, आत्ता इथं आग लागली तर कोण कुठून पळेल? साताऱ्यातल्या निम्म्या लग्नांत कार्यालयाचा मालक मला बघून तोंड फिरवतो. जेवायला बसलो की माझी पहिली नजर ताटावर नाही, मागच्या दारावर. माझी बायको शलाका म्हणायची, "मकरंद, जिलबी गार होतेय. दार काही पळून जात नाही."

असा मुळातच घाबरट माणूस, आणि त्यात आमची रेवती जन्मली सातव्या महिन्यात. काचेच्या पेटीत ठेवली होती तिला. ओंजळीत मावेल एवढा जीव, अंगाला सगळीकडून नळ्या. देवाच्या दयेनं जगली, पण छाती नाजूक राहिली आणि पुढं दमा निघाला. मग काय विचारता! ती झोपली की मी उठून तिच्या छातीला कान लावायचो. आतून बारीक शीळ ऐकू येते का बघायचो. धूळ म्हणून शाळा नको, थंडी म्हणून शाळा नको, फटाके म्हणून दिवाळी नको. पोरगी सहा वर्षांची झाली तरी तिला मैत्रीण म्हणून नव्हती. शेवटी बालरोग विभागाच्या सोहोनी डॉक्टर शलाकाला म्हणाल्या, "मुलीचं औषध बरोबर चाललंय. आता नवऱ्याचं बघू या."

त्यांच्याकडं बाप लोकांचा एक गट होता. तिथं व्हिडिओ गेम खेळायचा असतो असं ऐकल्यावर मी हसलोच.

"डॉक्टर, माझे निम्मे केस पिकलेत."

"म्हणूनच म्हणते," त्या म्हणाल्या. "आयांना गोलात बसवलं की त्या बोलतात. बापांना गोलात बसवलं की मोबाईल काढतात. पण हाताला काही काम दिलं आणि नजर ठेवायला समोर काहीतरी दिलं की बोलायला लागतात. दोन पुरुष एकमेकांकडं बघून रडत नाहीत हो. एकाच दिशेला बघत रडतात."

बाई बोलली ते खोटं नव्हतं.

खेळाचं नाव होडी. डोळ्यांना चष्मा लावायचा, की समोर दुथडी भरलेली नदी. एका होडीत चार बाप, चौघांच्या हातात वल्ही. खडक चुकवायचे, भोवरे चुकवायचे. होडीच्या मधोमध एक बुटका पाट होता. ज्याला भीती वाटेल त्यानं वल्हं खाली ठेवून तिथं बसायचं आणि बाकीच्या तिघांनी होडी न्यायची, हा नियम. चौघं चार गावचे, आपापल्या घरून खेळणारे. मिरजेचा इरफान मुजावर तंबोरे बनवतो. त्याच्या थोरल्याला फिट येतात. वसईचा डॉमनिक लोपीस; त्याच्या सायमनचं हृदयाचं ऑपरेशन झालंय. आणि फैजपूरचे बोरोले भाऊ, आमच्यातले सगळ्यात मोठे. त्यांचा मुलगा तापीत बुडाला. मुलगी राहिली, कनिष्का. तो गेल्यापासून भाऊंनी तिला अंगणाबाहेर एकटं जाऊ दिलं नव्हतं. पहिल्या दिवशी होडी पाण्यात लोटली तेव्हाच ते मधे जाऊन बसले, आणि कुणी काही विचारलं नाही. आम्ही फक्त वल्हवलं. मी चष्म्याच्या आत ढसाढसा रडलो. कित्येक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं मला.

आता पट्टीबद्दल सांगतो, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

कानामागं चिकटवायची बोटभर पट्टी. आपल्या कानापासून एक लांबलचक नस थेट काळजापर्यंत जाते. तिला अगदी सौम्य विजेचा स्पर्श दिला की छातीतली धडधड उतरते. हे शास्त्राला पूर्वीपासून माहीत होतं. पण अडचण अशी, की नुसती धडधड उतरवली तर शरीर फसत नाही. त्याला वाटतं, पहारा उठला! मग थोड्या वेळानं ते दुप्पट घाबरतं. सोहोनीबाईंच्या लोकांनी यावर युक्ती काढली ती हरणांकडून. कळपातलं एखादं हरीण मान वर करून उभं असलं की बाकीची खुशाल चरतात, कारण कुणीतरी जागं आहे. पट्टी तेच करायची. माझी नाडी, माझा घाम, मेंदूतल्या लहरी बघून तिला कळायचं की मी घाबरलो. मग ती बाकी तिघांना थोडं थोडं सावध करायची, आणि माझ्या शरीराला कळवायची की तिघं जागे आहेत, तू टेक. एका माणसाच्या भीतीचे चार सारखे वाटे. प्रत्येकाच्या वाट्याला पाव.

सुरुवातीला हे फक्त खेळापुरतं होतं. पण आम्हीच मागं लागलो, की बाई, दिवसभर द्या की. त्यांनी दिली. पट्टीतच बारीक आवाज यायचा, त्यामुळं चौघं कुठूनही बोलू शकायचो.

तेव्हापासून आमच्यात एक रीत पडली. कटिंग करून घेताना, नाहीतर जिन्यावर चढताना, अचानक पोटात गोळा यायचा. काही कारण नाही, काही नाही. मग चौघांपैकी एक जण विचारायचा, "कुणाचं?"

"माझं, माझं, सॉरी," डॉमनिक म्हणायचा. "पोरगा पहिल्यांदा सायकल घेऊन रस्त्यावर गेलाय रे बाबा."

मग आम्ही म्हणायचो, जाऊ दे, येईल. आणि गोळा विरघळायचा. कुणाचं हे कळलं की उतरतं. कळलं नाही की तसंच डोकं खात राहतं. म्हणून कुणीच बोललं नाही तर बोरोले भाऊ म्हणायचे, "माझं आहे भो, चालू द्या तुमचं." मोठा माणूस, घेतो आपल्या अंगावर, असं आम्ही समजायचो. पण स्वतःचा पाव आणि दुसऱ्याचा पाव यांच्या चवीत फरक नसतो, हे मात्र आमच्यापैकी एकाच्याही लक्षात आलं नाही.

आमचे दिवस बदलले, हे कबूल केलं पाहिजे. रेवती शाळेत जायला लागली. तिला मैत्रिणी मिळाल्या. भाऊंनी कनिष्काला पुण्याला इंजिनिअरिंगला पाठवलं, हॉस्टेलवर! त्या दिवशी आम्ही चौघांनी होडीत नारळ फोडला, खेळातलाच.

बदल पहिल्यांदा शलाकाच्या नजरेत आला. आम्ही कोरेगावला एका लग्नाला गेलो होतो. मी दोन जिलब्या खाल्ल्या, मठ्ठा प्यायलो, तिसरी मागितली. ती माझ्याकडं बघत राहिली.

"मागचं दार कुठंय इथं?" तिनं विचारलं.

"असेल की कुठंतरी."

"मकरंद, मागचं दार नाहीये या हॉलला. आल्यापासून मी शोधतेय."

मी हसलो. तिला हसू आलं नाही. घरी आल्यावर म्हणाली, "तू रात्री उठून तिच्या छातीला कान लावायचास. आता मी लावते. तुझी भीती त्या तिघांकडं गेलीय म्हणतोस ना? खोटं. ती माझ्याकडं आलीय, सगळीच्या सगळी, आणि मला कानामागं पट्टी नाही."

मी म्हणालो, "उगाच बाऊ करू नको." हे वाक्य आजवर लोक मला म्हणत आले होते. माझ्या तोंडून ते इतकं सहज निघालं की मला स्वतःचा अभिमानच वाटला.

त्यानंतरचा एक रविवार. शलाका कराडला मावसबहिणीच्या साखरपुड्याला गेली होती. रेवतीला सर्दी होती म्हणून ती माझ्याजवळ राहिली. सकाळपासून छातीत शीळ वाजत होती. स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येत होती. मी तिला पंप दिला, आतल्या खोलीत पडायला सांगितलं आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला घेतला. थोड्या वेळानं शीळ थांबली. म्हटलं, चला, औषध लागू पडलं.

आणि पोटात गोळा आला. साधा नाही. हातातली सुरी ओट्यावर पडली.

"कुणाचं रे?" मी विचारलं.

नेहमी लगेच उत्तर यायचं. या वेळी कुणी बोलेना.

"जोरात आहे," इरफानचा आवाज आला. "मी घोडीला कानस मारतोय तंबोऱ्याच्या. हात थरथरायला लागला बघा की. अख्खी जवारी बिघडली असती, सूरच गेला असता."

"मला तर घाम फुटलाय," डॉमनिक म्हणाला.

"माझं आहे भो," बोरोले भाऊ म्हणाले. "घ्या मला मधे."

झालं! मालक सापडला. मी कांदा तसाच टाकला, चष्मा लावला आणि जेवणाच्या खुर्चीवर बसलो. भाऊ पाटावर बसले. आम्ही तिघांनी वल्ही घेतली. त्या नदीचं पाणी आमच्या भीतीवर चढायचं आणि उतरायचं, आणि भाऊ मधे बसले की एखाद्या वळणात उतरायला लागायचं, हा अनुभव होता. पण आज पाणी चढतच होतं. खडक दिसेनासे झाले. मी मोठमोठ्यानं ओरडत होतो, "हाण इरफान! डावीकडं ओढ! भाऊ, घट्ट धरा!" खरं सांगू, मला मजा येत होती. मित्राच्या उपयोगी पडतोय म्हणून छाती फुगली होती.

"भाऊ," इरफान धापा टाकत म्हणाला, "तुम्ही मधे बसला तरी उतरंना की. काय झालंय तरी काय कनिष्काला?"

भाऊ पाटावरून उठून उभे राहिले.

"भाऊ?"

"काही नाही झालं," ते हळूच म्हणाले. "माझं नाहीये रे. कुणी बोलंना, म्हटलं तुम्हाला तरी बरं वाटेल."

होडी कुणीच वल्हवेना. ती आपोआप फिरायला लागली.

"मग कुणाचं?" डॉमनिक म्हणाला. "थांबा, मी घरी फोन लावतो." तो परत आला. "सायमन जेवतोय. ठीक आहे."

"माझी दोन्ही पोरं समोर अंगणात आहेत," इरफान म्हणाला.

"कनिष्का बोलली," भाऊ म्हणाले. "कॅन्टीनमधी बसलीय."

मग तिघंही थांबले. ते कशासाठी थांबलेत हे मला कळेना.

"मकरंद," इरफान म्हणाला, "रेवती कुठाय?"

"आत झोपलीय की," मी म्हणालो. "तिचं तर उलट बरं आहे. मगाशी शीळसुद्धा थांबली."

हे मी माझ्या तोंडानं बोललो आणि माझ्याच कानांनी ऐकलं. शीळ वाजते म्हणजे अरुंद नळीतून का होईना, हवा जातेय. पोरगी तीच, दम लागलेला तसाच, आणि शीळ थांबली, तर हवाच थांबत आली आहे. हे मला पाठ होतं. सहा वर्षं मी हेच ऐकायला रात्री उठत होतो. माझ्या शरीरानं कांदा चिरताना ते बरोबर ओळखलं होतं, आणि बिचाऱ्यानं बोंब ठोकली होती. ती बोंब मी चार गावांत वाटून टाकली आणि विचारलं, कुणाचं?

मी चष्मा काढला आणि आतल्या खोलीकडं निघालो.

आता जे सांगतो ते मी शलाकालाही नीट सांगू शकलेलो नाही. मी धावलो नाही. मी चालत गेलो. वाटेत खुर्ची आडवी होती ती सरकवून ठेवली. डोक्याला सगळं कळत होतं, पण पाय घाई करायला तयार नव्हते, कारण तिघं जण माझ्या वतीनं घाबरले होते. पट्टी माझ्या शरीराला सांगत होती, तिघं जागे आहेत, तू टेक.

रेवती भिंतीला टेकून बसली होती. खांदे वर ओढलेले, गळ्याखाली खड्डा पडलेला, तोंड उघडं. ओठ निळसर. तिला हाक मारायची होती पण तेवढाही वारा तिच्यात नव्हता. ती नुसती बघत होती दाराकडं. केव्हापासून बघत होती देव जाणे.

तिचे ओठ निळे आणि माझं काळीज थंड! त्या क्षणी मला स्वतःची जी किळस आली ती शब्दांत येत नाही. मी नख घालून पट्टी उपटली. कानामागची कातडी निघाली. आणि मग भीती आली, अख्खी, कुणाशी न वाटलेली, आईशप्पथ, पाय गळून मी गुडघ्यावर आलो आणि त्याच पायांनी उठून पळालो. पोरीला उचललं. तीन जिने उतरलो. चप्पल नव्हती, दार सताड उघडं. खाली पंक्चरवाले शेख गाडी धूत होते, त्यांनी काही न विचारता दार उघडलं. दवाखान्यात शिरेपर्यंत मी एकच गोष्ट ओरडत होतो, आणि ती काय होती हे मला आजही आठवत नाही.

वाचली. ऑक्सिजन, सलाईन, इंजेक्शनं, सगळं झालं, पण वाचली. ड्युटीवरचा डॉक्टर म्हणाला, "अजून थोडा उशीर केला असतात तर माझ्या हातात काही नव्हतं." मी मान हलवली. थोडा उशीर म्हणजे होडीचं एक वळण.

शलाका कराडहून साखरपुड्याच्या साडीतच आली. मी तिला सगळं सांगितलं. तिनं रेवतीच्या केसांवरून हात फिरवला, माझ्याकडं न बघता म्हणाली, "मी ओरडणार नाही. पण ती पट्टी पुन्हा लावलीस तर पोरीला घेऊन मी कराडला जाईन. मग तू बस वल्हवत."

सोहोनीबाई स्वतः भेटायला आल्या. चांगलीच हादरली होती बाई. म्हणाल्या, "आम्ही बदल करतो. ज्याची भीती असेल त्याच्या फोनवर लाल दिवा लागेल."

"दिवा दिसेल हो," मी म्हणालो. "मला तर पोरगीच दिसत होती समोर. पाय कोण उचलणार?"



पण माझ्या पट्टीशी आणखी तिघं बांधलेले होते. तिघांची होडी चालत नाही. प्रत्येकाच्या वाट्याला झेपणार नाही एवढं येतं, म्हणून यंत्रणा ती बंदच करते. माझ्या जागी नवा माणूस घ्या असं इरफाननं सुचवलं. बोरोले भाऊ म्हणाले, "अनोळखी माणसाच्या हातात माझी भीती देऊ का? तो काय म्हणेल?" असं करत करत तिघांनीही पट्ट्या काढल्या. मला एका शब्दानं कुणी दोष दिला नाही. दिला असता तर बरं झालं असतं.

आणि माझी भीती परत आली ती चक्रवाढ व्याजासकट. घरी आल्यापासून मी रेवतीला शाळेत पाठवलं नाही. रोज सकाळी ती गणवेश घालून, दप्तर भरून दारात उभी राहायची आणि रोज मी काहीतरी कारण काढायचो. आज वारा आहे. आज पलीकडं रंगकाम चाललंय. आज बाईंना बरं नाहीये, असंसुद्धा म्हणालो एकदा, लाज सोडून. शलाका नोकरीवर जाताना फक्त एवढंच म्हणायची, "मकरंद, पट्टी काढ म्हटलं होतं मी. पोरीला कोंड म्हटलं नव्हतं." मला कळत नव्हतं का? कळत होतं. पण तिनं उंबरा ओलांडला की माझ्या डोळ्यांसमोर ते ओठ यायचे.

अशाच एका सकाळी बोरोले भाऊंचा फोन आला. साधा फोन. आवाज इतका बारीक, की मी आधी ओळखलाच नाही.

"मकरंद, मी कनिष्काला परत बोलावलं भो."

"कायमचं?"

"कायमचं. आता माझ्यानं नाही होत. जेवण जात नाही, झोप नाही. डोळे मिटले की तापी दिसते. शिवाजीनगर स्टँडवर बसलीय पोरगी, गाडी लागलीय. रडत होती फोनवर. म्हणाली, पप्पा, दुसरं वर्ष तर होऊ द्या. मी म्हटलं, ये." मग म्हणाले, "खरं सांग मला. तुझी पोर तर मरणाच्या दारातून आली. तू पाठवलं का तिला शाळेत?"

रेवती समोरच होती. पायरीवर बसली होती, दप्तर पाठीला, पाण्याची बाटली गळ्यात. माझ्याकडंच बघत होती.

"हो," मी म्हणालो. "पाठवली की, भाऊ."

"खरंच?"

"खरंच. पहिल्या दिवशी गेटसमोर उभा राहिलो नुसता. घशात आवंढा, पायांना कंप. लोक बघत होते. पण सुटली शाळा, आली बाहेर. हसत आली."

"आणि भीती? ती गेली का?"

"नाही गेली. ती तशीच घेऊन उभा राहिलो."

 मग भाऊ म्हणाले, "तू पाठवली तर मग मी काय वेगळा बाप आहे का? थांब. सांगतो तिला, गाडीत चढू नको." फोन कट झाला.

मी तो तसाच हातात धरून उभा होतो. रेवती बुटांचे पट्टे लावत होती.

"बाबा," ती म्हणाली, "मला कधी पाठवलंस तू शाळेत?"

 छातीत असं काही धडधडत होतं की ते तिला ऐकू जाईल असं वाटलं. वाटून घ्यायला दुसरं कुणीही नव्हतं.

"आत्ता," मी म्हणालो. "चल."

तिनं खिसा चाचपून पंप आहे का बघितलं. मी दार ओढून घेतलं, पण हात इतके कापत होते की किल्ली कुलपात शिरेना. शेवटी तिनं माझ्या हातातून किल्ली घेतली आणि कुलूप तिनंच लावलं.